पथ्यातील भाजी आणि तिचा संस्कार

पथ्याच्या कागदावर आपण ‘दुधी, पडवळ, दोडका, चाकवत घ्यावे’ एवढे लिहितो आणि कागद रुग्णाच्या हाती देतो. ती भाजी घरी कोण करणार, कशी करणार, हे सहसा विचारीत नाही. पूर्वी विचारण्याचे कारणही नव्हते. घरात आजी असे, आणि दुखणेकऱ्याची भाजी व रोजची भाजी यांतील भेद तिला सांगावा लागत नसे. आज ही आजी गृहीत धरून लिहिलेले पथ्य अनेकदा निरुपयोगी ठरते.

आम्हांस हे एका रुग्णाने शिकविले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, तक्रार मलावरोधाची व आध्मानाची. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत व स्वतः स्वयंपाक करीत. तीन महिने औषध देऊनही उपशय मिळेना, तेव्हा आम्ही प्रथमच विचारले, “काका, भाजी करता कशी?” दुधी कुकरमध्ये शिजवायचा, वर मीठ घालायचे. हृदयरोगाच्या धास्तीने तेल-तूप त्यांनी आपणच बंद केले होते. रविवारी केलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवून बुधवारपर्यंत पुरवीत. आमच्या कागदावर दुधी होता आणि ते इमानाने दुधी खात होते. रूक्ष, शीत आणि पर्युषित! चूक त्यांची नव्हती. कागदच अपुरा होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांत प्रकृतीनंतर लगेच ‘करण’ येते, म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार. परीक्षेत आपण ही आठही नावे लिहिली. पथ्य सांगताना मात्र पहिल्यावरच थांबतो. शाकवर्गाविषयी तर आचार्यांनी कृतीच दिली आहे. गुरू, रूक्ष व विष्टंभ करणाऱ्या पालेभाज्या आधी शिजवाव्यात, त्यांचा रस पिळून टाकावा व भरपूर स्नेहात परताव्यात, म्हणजे त्या फारसा दोष करीत नाहीत, असे चरक व वाग्भट दोघेही सांगतात. यावर आधुनिक आहारतज्ज्ञांचा आक्षेप असतो की पाण्याबरोबर जीवनसत्त्वे जातात. आक्षेप खोटा नाही. निरोगी, दीप्ताग्नी तरुणाने रोज रस पिळून टाकावा असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु वृक्कविकारात पोटॅशियम कमी करण्यासाठी भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकण्याचा सल्ला हेच तज्ज्ञ देतात, हेही ध्यानात घ्यावे. संस्कार कोणासाठी, हाच प्रश्न आहे.

ऋतूंचे गणित घरोघरी अजून थोडेफार शिल्लक आहे. पौषात अग्नी बलवान असतो, म्हणून पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर व तीळ घातलेली भोगीची जड भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर सहज पचते. तीच भाजी श्रावणात कोणी करीत नाही. पहिल्या पावसानंतर येणारा टाकळा कोवळा असतानाच खुडतात व लसणाच्या फोडणीत परततात. पाने जून झाली की त्याला कोणी हात लावीत नाही. अळवात चिंच हवीच, नाहीतर घसा खवखवतो. सूतिकेची शेपूची भाजीही लसूण घालून, तुपावर केलेली असते. ज्वरातून उठलेल्यास मात्र भाजीची घाई नको. आधी पेया, मुद्गयूष, मग हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे पडवळ.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना येथे एक सांगावेसे वाटते. दुकानात ‘दुधीचा रस घेऊ का?’ असे विचारणारे ग्राहक येतात. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असा कडू रस पिऊ नये, तसेच दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये, अशी सूचना दिली. मिसळू नये ते का? कारल्याच्या रसात दुधीचा कडूपणा कळतच नाही. आमच्या घरी दुधी चिरताना एक चकती जिभेला लावून पाहण्याची रीत आहे. कडू निघाला तर तो सबंध टाकून देतात. शिजविल्याने ते विष जाईल या भरवशावर राहू नये. ग्राहकाला रसाऐवजी भाजी सुचवावी, आणि चकती चाखण्याची रीतही सांगावी.

त्या गृहस्थांना आम्ही नवा कागद लिहून दिला : दुधी रोज ताजा आणावा, चाखून घ्यावा, चमचाभर तुपात जिरे, हिंग व किसलेले आले घालून झाकण ठेवून मऊ शिजवावा, गरम असतानाच खावा, उरवू नये. चमचाभर तुपाविषयी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनाही विचारून घेतले. औषधात काही बदल केला नाही. दीड महिन्याने ते आले, पोटाची तक्रार बरीच उतरली होती. जाताना दारातून परत वळून त्यांनी विचारले, “वैद्यराज, हिंग दरवेळी करपतो. तो जिऱ्याच्या आधी घालायचा की नंतर?”