हळदीचा मांडव आणि प्रतिष्ठेचा पेला

लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद हा ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी समाजात केवळ विधी नसून गावाचा मेळावा असतो. धवलारिणीचे धवले, वाद्यांचा गजर, मटणाचे जेवण आणि त्याबरोबर मद्य, हा थाट नवी मुंबईच्या गावठाणांत आजही आढळतो. त्याकडे पाहून नाके मुरडणाऱ्या शहरी उपदेशकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, या किनाऱ्याला मद्य परके नाही.

ताडाची ताडी आणि नारळाची माडी ही येथलीच पेये. पहाटे उतरवलेला गोड रस दिवस चढेल तसा आंबत जाई. तो फार काळ साठवता येत नसे की दूर नेता येत नसे. सेवनाची मर्यादा झाडानेच घालून दिली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडे करांच्या जाळ्यात अडकली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाराच गुन्हेगार ठरला. रीत मोडली, तहान मात्र उरली.

त्यानंतर जमीन गेली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. काहींच्या हाती पैसा आला, अनेकांच्या हाती काहीच उरले नाही. मांडवाचे माप मात्र सर्वांना एकच लागू झाले. ताडीच्या जागी बाटली आली. बाटलीला नाव असते, किंमत असते. म्हणून तिच्यावरून यजमानाची पत ठरू लागली.

पेल्यात प्रतिष्ठा मोजण्याची ही खोड केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चांदीच्या पेल्यात पुदिना, कुटलेला बर्फ आणि मक्याची बर्बन घालून दिलेले ‘मिंट ज्युलेप’ ही खानदानी आतिथ्याची खूण मानली गेली. एके काळी त्या आतिथ्यामागे गुलामांचे श्रम होते. पेल्याच्या चकाकीत ते दिसत नसत. आपल्या मांडवाच्या रोषणाईत दिसत नाही, ते वधूवरांच्या पित्याचे कर्ज.

मतदानाने बाटली ‘आडवी’ करून दुकान बंद पाडण्याची तरतूद राज्यात आहे. परंतु कायदा दुकानाला टाळे लावील, रीतीला नाही. हळदीत दारू न वाटण्याचे ठराव काही गावांनी केले, ते यामुळेच मोलाचे ठरतात. मात्र त्यांचे पालन वरच्या पायरीपासून व्हावयास हवे. गरिबाने पेला नाकारला तर लोक त्याला कंजूष म्हणतील. गावच्या पुढाऱ्याने आणि धनिकाने नाकारला, तर तीच नवी रीत होईल. धवलारिणीचा मान आणि पंगतीचा आनंद त्याने उणा होणार नाही.