वस्तऱ्याचा पट्टा : स्वस्त घ्या, पण सपाट घ्या

आज सलूनमध्ये दिसतो त्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवलेलं असतं. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड, म्हणजे धार टिकवायचा प्रश्नच उरत नाही. एड्सची धास्ती पसरल्यावर ही पद्धत सगळीकडे रुळली आणि ते योग्यच झालं. मात्र तिच्यामुळे न्हाव्याच्या धोकटीतला चामड्याचा पट्टा आणि त्यावर वस्तरा परजायची हातोटी, दोन्ही मागे पडलं. घरी अखंड पात्याच्या वस्तऱ्याने दाढी करणारे जे थोडे हौशी आहेत, त्यांना आता पट्टा स्वतःच पारखून घ्यावा लागतो.

पट्टा नेमकं काय करतो, ते आधी पाहू. केस पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पट मऊ, तरी दाढीने धार बोथटते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं कारण मांडलं. त्यांनी साध्या दाढीच्या ब्लेडची धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केस कापला जाताना वाकतो, धारेवर एका बाजूने ताण येतो आणि जिथे पोलादाची घडण एकसारखी नसते तिथे बारीक टवका उडतो. वस्तऱ्याची धार तर आणखी जपावी लागते, कारण ती फेकून द्यायची नसते. दाढीनंतर तिच्यावर ओल राहते, बारीक कण चिकटतात, टोकाची कड किंचित खडबडीत होते. पट्टा हे सगळं पुसून काढतो आणि कड गुळगुळीत करतो.

पण मेलेली धार नुसत्या चामड्याने जिवंत होत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातले जॉन व्हर्होवेन यांनी २००४ साली सुऱ्यांच्या धारेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोऱ्या चामड्याने पोलादावर फारसा फरक पडत नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने मात्र पडतो, हे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. म्हणून नवा घेतलेला वस्तरा आधी निसण्यावर नीट लावून घ्यावा, पट्ट्याची पाळी त्यानंतर.

आता निवड. दुकानदार कातडं कुठल्या जनावराचं, कुठल्या देशाचं, हे कौतुकाने सांगतात आणि किंमत त्यावरच चढते. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्याचे पट्टे सुरेख असतात यात शंका नाही, पण पहिल्या पट्ट्यावर एवढा खर्च करू नये. शिकताना हात तिरका पडतो आणि पट्ट्यावर चीर उमटतेच. पैसे मोजायचे ते सपाटपणासाठी. पट्टा उजेडासमोर आडवा धरा, त्यावर पोलादी फूटपट्टी उभी टेकवा आणि खालून प्रकाश कुठे डोकावतो ते बघा. कडा वर वळलेल्या असतील किंवा मधेच उंचवटा असेल, तर तो पट्टा फुकट मिळाला तरी नको.

दुसरी पारख कापलेल्या कडेची. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसतं. क्रोमने कमावलेल्याची कड बहुधा निळसर-करडी असते. ते चामडं मऊ आणि ताणलं जाणारं, म्हणून या कामाला कमी पडतं. कडेला कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन समजा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याच जातीचं, पण तळव्यापेक्षा पातळ, तीनेक मिलिमीटर जाडीचं, डाग-सुरकुती नसलेलं चामडं पट्ट्याला उत्तम. कोल्हापुरात किंवा धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत त्याची पट्टी कापून मागता येते.

रुंदी तीन इंच असली तर पातं एका वेळी पूर्ण टेकतं, कारण बहुतेक वस्तऱ्यांचं पातं तेवढंच असतं. दोन इंची पट्टाही चालतो. मग पातं ओढताना तिरकं सरकवत न्यायचं, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार चामड्याला लागते.

टांगता पट्टा की फळीवरचा? नवशिक्याने फळीवरचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टांगता पट्टा जरा सैल धरला की मधे झोळ येतो, चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होत जाते. फळीवर हा धोका बराच कमी. असा पट्टा घरीही करता येतो. फूट-दीड फूट लांब सपाट प्लायवूड घ्या, चामड्याची खरखरीत बाजू खाली ठेवून फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर त्यावर जड पुस्तकांचा ढीग ठेवा. मागच्या बाजूला जाड सुती कापडाची पट्टी ताणून बसवली की कापडावर आणि चामड्यावर परजायची दोन्ही कामं एकाच फळीवर होतात.

परजताना वस्तरा आडवा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. नेहमी पाठ पुढे, धार मागे. पाठ टेकलेली असते तोवर कोन आपोआप राखला जातो. वस्तऱ्याची घडणच तशी आहे. दाब वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढा, त्याहून जास्त नाही. टोकाला पोचल्यावर आधी थांबायचं, मग पाठ चामड्यावरच ठेवून धार वरून फिरवायची आणि उलट दिशेने परतायचं. बहुतेक चिरा याच वळणावर पडतात, घाईने धार आधी फिरली की. दाढीआधी सुती कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. सुरुवातीला इतक्या सावकाश करा की प्रत्येक वळण डोळ्यांनी दिसेल. दाढीनंतर पातं पुसून कापडावर दहाएक फेऱ्या दिल्या की ओल निघून जाते.

निगा फार नाही, पण नेमाने हवी. वापरण्याआधी कोरडा, स्वच्छ तळहात चामड्यावर चोळा. धूळ निघते आणि हाताचं तेवढं तेल पुरतं. चामडं खरंच कोरडं पडलं तर नीट्सफूट तेलाचे दोन-तीन थेंब बोटाने पसरून चोळावेत. खाण्याचं तेल नको, ते खवट होतं. जवसाचंही नको, ते वाळून कडक होतं. पट्टा बाथरूममध्ये ठेवू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत न गुंडाळता हवेशीर जागी टांगा. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात चामडं आक्रसतं.

चीर उथळ असेल तर तिच्या वर आलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करा, भुकटी झटका आणि वापरत राहा. खोल चीर मधोमध असेल तर मात्र चामडं बदलायलाच हवं, नाहीतर प्रत्येक फेरीला धार तिच्यात अडकेल.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट रोजच्या पट्ट्याला कधीच लावू नका. ती एकदा मुरली की निघत नाही. तिच्यासाठी वेगळी छोटी फळी ठेवा आणि रोजच्या परजण्याने दाढी ओढू लागली की तिथे आठ-दहा फेऱ्या द्या. त्यानेही भागलं नाही, तर वस्तरा पुन्हा निसण्यावर लावायची वेळ आली.