मुख व घसा यांची रचना : तंबाखूचा बार आणि मावा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुख हे पचनसंस्थेचे प्रवेशद्वार होय, असे शालेय पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. चर्वण, चव, उच्चार व श्वसनास साहाय्य ही त्याची कार्येही सांगितली जातात. आपल्या भागात मात्र मुखाचा आणखी एक उपयोग रूढ आहे व त्याचा पाठ्यपुस्तकात उल्लेख नसतो. तो म्हणजे एखादा पदार्थ न गिळता तासन्‌तास साठवून ठेवणे. कोपरगाव परिसरात बाजार समितीपासून उसाच्या फडापर्यंत तळहातावर तंबाखू-चुना मळणारी माणसे सहज दिसतात. मिश्रीने दात घासणाऱ्या स्त्रियाही खेड्यापाड्यांत आहेत आणि तरुणांमध्ये मावा रुळला आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा पहिला आघात फुप्फुसावर नव्हे, तर मुखावर होतो. तो नेमका कोठे व का होतो, हे मुखाच्या रचनेवरून उलगडते.

मुखाचे दोन कप्पे

दंतपंक्तींच्या आतील, जिभेने व्यापलेला भाग म्हणजे मुख्य मुखविवर. त्याच्या बाहेर, एका बाजूस दात व हिरड्या आणि दुसऱ्या बाजूस ओठ व गाल, यांच्यामध्ये एक अरुंद पन्हळ असते. खालच्या ओठामागे वा गालात जो 'बार' भरला जातो तो या पन्हळीतच. ही जागा जिभेच्या वाटेत येत नाही, त्यामुळे माणूस बोलू शकतो, कामही करू शकतो. सोय हीच येथे घातक ठरते.

मुखाच्या आतील श्लेष्मल त्वचा सर्वत्र सारखी नसते. कठीण तालू व हिरड्या यांना चर्वणाचे घर्षण सोसावे लागते, म्हणून तेथील पेशीस्तरावर केराटिन या कठीण प्रथिनाचे कवच असते. गाल, ओठाची आतील बाजू, जिभेखालचा तळ व मृदू तालू येथे असे कवच नसते. तेथील अस्तर मऊ, लवचीक व सहज शोषण करणारे असते. अन्नाचा घास या अस्तराजवळून काही क्षणांत पुढे जातो. बार मात्र एकाच जागी दीर्घकाळ टेकून राहतो. त्यातील चुना क्षारधर्मी असल्याने निकोटिन मुक्त होऊन वेगाने शोषले जाते. त्याच वेळी अस्तराचा दाह होतो आणि तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही कर्कजनक द्रव्ये त्याच जागी झिरपत राहतात.

पाश्चात्त्य देशांत मुखाचा कर्करोग प्रामुख्याने जीभ व मुखतळ येथे आढळतो, तर भारतात गाल व हिरडी यांच्या सांध्यात. या फरकाचे मुख्य कारण म्हणजे आपल्याकडील बार ठेवण्याची जागा. हिरडीखाली जबड्याचे हाड अगदी जवळ असल्याने गाठ लवकर हाडात शिरते. शस्त्रक्रियेत पुष्कळदा जबड्याचा भाग काढावा लागतो तो यामुळेच. या भागातील लसिकावाहिन्या हनुवटीखालील व मानेतील गाठींकडे जातात, म्हणून तज्ज्ञ मानही चाचपून पाहतात.

मावा आणि आखडणारा घसा

मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू व चुना यांचे घोटलेले मिश्रण. त्यातील सुपारी निरुपद्रवी मानली जाते. हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखूविना सुपारीही मानवास कर्कजनक असल्याचे नोंदविले आहे. सुपारीतील अरेकोलिनमुळे अस्तराखालील पेशी अधिक कोलॅजेन तंतू निर्माण करतात. सुपारीतील तांब्यामुळे या तंतूंची परस्परांतील जोडणी घट्ट होते व ते सहजी विरघळत नाहीत. गालाची मऊ भिंत हळूहळू चामड्यासारखी ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते.

केनियातील पाच भारतीय स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लिहिताना तालू व घशाच्या कमानी यांचा उल्लेख शीर्षकातच केला. तो अगदी समर्पक होता. मृदू तालूपासून खाली उतरणाऱ्या दोन-दोन कमानींच्या मध्ये टॉन्सिल असतात, तर मध्यभागी पडजीभ लोंबते. गिळताना मृदू तालू वर उचलला जाऊन नाकाकडील वाट बंद करतो. तोच ताठर झाला की आवाज अनुनासिक होऊ लागतो. मध्यकर्णास घशाशी जोडणारी नलिका उघडणारे स्नायूही तालूशीच निगडित असल्याने काहींना कमी ऐकू येते. मावा खाणाऱ्यास कान तपासावा लागेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटखा व पानमसाला यांवर बंदी आहे. परंतु मावा कारखान्यात नव्हे, तर गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. कागदावरची बंदी त्याच्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्वपरीक्षण

प्राणिशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना आरशात स्वतःचे मुख पाहावयास सांगितले असता एका विद्यार्थ्यास पडजीभ दिसेना. त्याच्या तोंडात स्वतःची दोन बोटेही जेमतेम शिरत होती. ठेच्याने तोंडाची आग होते म्हणून वर्षभर आपण तिखट खात नाही, असे त्याने सांगितले. ही आग या विकाराचे आरंभीचे लक्षण होय. ती पित्तामुळे आहे असे त्याच्या घरी धरले गेले होते.

तपासणी साधी आहे. निरोगी प्रौढाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. उजेडात गाल ओढून पन्हळ पाहावी, जीभ उचलून तळ पाहावा व बोटाने गाल आतून चाचपावा. पांढुरका निस्तेजपणा, हातास लागणारे ताठर पट्टे, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्यास अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. व्रण दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. तयार झालेले तंतू सहसा पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. सुपारी थांबविल्यास त्यांची वाढ मंदावू शकते व तोंडाच्या नियमित व्यायामाने काही प्रमाणात उघडझाप सुधारते. तथापि अशा रुग्णास कर्करोगाचा धोका पुढेही राहतो, म्हणून त्याने ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवावी लागते.