ड्रोनची सॅक घेताना: लिटर, पॅडिंग आणि वॉटरप्रूफचा घोळ

पावसाळ्यातल्या शनिवारी पहाटे थेरगावच्या डांगे चौकातून रावेत-देहूरोडमार्गे मावळाकडे निघालेल्या दुचाकी पाहाव्यात. थेरगावच्या कडेने वाहणारी पवना जिथून येते, त्या धरणाच्या परिसरात लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चार किल्ले उभे आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन संध्याकाळी परत यावं, इतके जवळ. पूर्वी या मंडळींच्या पाठीवर कॉलेजची बॅग असायची. आता कॅमेरा, दोन लेन्स, ड्रोन आणि ते सगळं मावणारी महागडी सॅक असते. ती सॅक मात्र बरेचदा भलत्याच गोष्टी बघून घेतलेली असते.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती लिटरची घेऊ?’ लिटरवरून सामान किती मावेल ते कळतं, पाठीला सोसेल की नाही ते कळत नाही. जरा हिशेब मांडू. फुल-फ्रेम कॅमेरा ७०० ग्रॅम, २४-७० लेन्स ९०० ग्रॅम, ७०-२०० लेन्स सव्वा ते दीड किलो, छोटा ड्रोन, त्याचा रिमोट आणि जादा बॅटऱ्या मिळून पाऊण ते एक किलो, ट्रायपॉड दीड किलो. त्यात तीन लिटर पाणी, डबा, रेनकोट आणि रिकाम्या सॅकचं स्वतःचं वजन धरलं की काटा अकरा किलोच्या आसपास जातो. हे ओझं खांद्यांवर लोंबलं तर लोहगड-विसापूरमधल्या गायमुख खिंडीत पोचेपर्यंत मान आखडते. ते कमरेवर उतरलं पाहिजे, आणि त्यासाठी सॅकची लांबी तुमच्या पाठीला जुळायला हवी.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: उंच माणसाला मोठी सॅक, बुटक्याला छोटी. उंचीचा इथे फारसा संबंध नाही. मान पुढे वाकवल्यावर खाली जो मणका टोकदार लागतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत शिंप्याची टेप धरा. ही तुमच्या पाठीची लांबी. सारख्याच उंचीच्या दोघांमध्ये ती तीन-चार सेंटिमीटरने सहज वेगळी भरते. सॅक चढवताना खांद्याचे पट्टे सैल ठेवून आधी कमरेचा पट्टा आवळायचा, तोही पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. मग खांद्याचे पट्टे ओढायचे. कमरपट्टा नुसती पातळ नायलॉनची फीत असेल तर ती सॅक डोंगरासाठी नाही, पाटी कुठल्याही कंपनीची असो.

‘पॅडिंग जितकं जाड तितकं सामान सुरक्षित’ हेही अर्धसत्यच. जाड फोम जागा खातो आणि वजन वाढवतो. खास कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या कित्येक मोठ्या सॅक रिकाम्याच दोन किलोच्या पुढे भरतात. सामानाचं नुकसान बहुतेकदा एक वस्तू दुसरीवर आपटून होतं, त्यामुळे प्रत्येक वस्तूला घट्ट बसणारा कप्पा महत्त्वाचा. ड्रोनचं नाजूक अंग म्हणजे गिंबल, कॅमेरा स्थिर धरणारा तो इवलासा सांधा. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर लावलं आणि पंख नीट दुमडले की बाकी कामाला मध्यम जाडीचा फोम पुरतो.

माझं मत विचाराल तर पस्तीस ते पंचेचाळीस लिटरची चांगली ट्रेकिंग सॅक घ्या आणि आत कप्पे असलेला वेगळा कॅमेरा-इन्सर्ट टाका. इन्सर्ट काढला की तीच सॅक हरिश्चंद्रगडच्या मुक्कामालाही चालते. जड लेन्स मात्र पाठीला चिकटून, सॅकच्या मध्यावर ठेवायच्या. त्या बाहेरच्या अंगाला गेल्या की सॅक मागे ओढते, आणि तिकोन्याच्या शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर ती ओढ चांगलीच जाणवते. त्याच कारणाने बाजूची चेन उघडून झटपट कॅमेरा काढण्याची सोय मला फारशी भावत नाही. एका खांद्यावर लोंबकळलेली सॅक अरुंद जागी तोल घालवते. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक बरी: चिखलात पालथी टाकली तरी अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते, आणि लोकलच्या गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही.

आता पाऊस. कापडाला आतून लेप असला तरी शिवण आणि चेन यांतून पाणी शिरतंच, त्यामुळे ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेली सॅक मावळातल्या जुलैला पुरत नाही. ‘रेनकव्हर आहे ना’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. पण रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या फोममध्ये मुरतं आणि तिथून आत झिरपतं. दुचाकीच्या वेगात तर कव्हर फुगून निसटतं, ते वेगळंच. विसापूरच्या पाण्याच्या वाटेने चढताना पायऱ्यांवरून ओढाच अंगावर येतो, तिथे कव्हर काय करणार? उपाय स्वस्त आहे. इन्सर्ट ड्राय-बॅगमध्ये किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड गुंडाळून बांधायचं आणि मग सॅकमध्ये ठेवायचा. रेनकव्हर वरून असू द्या, चिखलापासून वाचवतं.

खरा घात घरी आल्यावर होतो. दमून सॅक कोपऱ्यात टाकली जाते आणि ओल धरलेल्या फोममध्ये लेन्स तशीच राहते. दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिला की काचेवर बुरशी धरते. रात्रीच सगळं बाहेर काढा, सॅक उलटी टांगा, लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. सिलिकाचे नारिंगी दाणे हिरवे पडले की त्यांनी ओलावा पुरेपूर शोषला असं समजावं. तापवले की ते पुन्हा कामाला येतात.

बॅटऱ्यांची टोकं उघडी ठेवून त्याच खिशात गाडीची किल्ली टाकू नका, शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. लेह-लडाखला विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही. मॅव्हिक ३ या ड्रोनची बॅटरी ७७ वॅट-तासांची आहे, म्हणजे बसते.

‘२४९ ग्रॅमचा ड्रोन कुठेही उडवता येतो’ या समजाने मात्र लोक अडचणीत येतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलटचा परवाना लागत नाही, इतकंच. लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचे नियम त्यालाही लागू आहेत, आणि वाटेतच देहूरोडची लष्करी छावणी आहे. लोहगड तर केंद्र संरक्षित स्मारक, शिवाय जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतला. तिथे ड्रोन उडवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नसेल तर ड्रोन घरी ठेवा, सॅक तेवढी हलकी होईल.

सॅक घ्यायला जाताना स्वतःचं सगळं सामान आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या सोबत न्या. दुकानातच सॅक भरा, पट्टे आवळा आणि वीस मिनिटं जिना चढ-उतार करा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.