निरोप यंत्राचा, निर्णय कुणाचा?

कार्यालयातला कागद आपल्या पायांनी चालत नाही. त्याला कुणीतरी चालवावे लागते. नवा माणूस कामावर रुजू झाला, की त्याच्या नेमणूकपत्राची एक प्रत टाइमकीपरकडे, एक पगार विभागाकडे, एक भविष्य निर्वाह निधीचे काम पाहणाऱ्या कारकुनाकडे, एक कँटीनला आणि एक गेटवरच्या चौकीत, अशी ती पालखी निघत असे. त्यातली एखादी प्रत कुणाच्या टेबलावर फायलींखाली दबली, की पहिल्या महिन्याचा पगार अडकलाच म्हणून समजावे. पिंपरीच्या एका कारखान्यात, आस्थापना विभागात, माझी सारी नोकरी झाली. आमच्या खिडकीशी सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न एकच होता : ‘साहेब, माझा कागद आला का?’

आता आस्थापना विभागाला ‘एचआर’ म्हणतात आणि कागदाची जागा पडद्याने घेतली आहे. पण टेबले नाहीशी झाली, असे मात्र नाही. मध्यम आकाराच्या एखाद्या कंपनीत आज भरतीचे सॉफ्टवेअर वेगळे, कर्मचाऱ्यांच्या नोंदींचे वेगळे, हजेरीचे वेगळे, पगाराचे वेगळे, ई-मेलचे खाते उघडणारे वेगळे आणि दाराचे कार्ड चालू-बंद करणारे आणखी वेगळे असते. ही सारी यंत्रे म्हणजे नवी टेबलेच. एका यंत्राला समजलेली गोष्ट दुसऱ्याला आपोआप समजत नाही. मग एक तर कुणीतरी बसून तीच माहिती सहा ठिकाणी टंकित करायची, नाहीतर पगाराच्या यंत्राने दर पंधरा मिनिटांनी नोंदींच्या यंत्राला विचारत राहायचे, ‘काही नवीन आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. आमच्या खिडकीशी घातले जाणारे हेलपाटे यंत्रांनाही चुकले नव्हते!

या हेलपाट्यांवर जो तोडगा निघाला, त्याचे नाव ‘वेबहूक’. जेफ लिंडसे या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००७ मध्ये हा शब्द रूढ केला. हूक म्हणजे आकडा. कल्पना अगदी साधी आहे. ‘बातमी असेल तेव्हा या पत्त्यावर कळव,’ असे पगाराच्या यंत्राने नोंदींच्या यंत्राला एकदाच सांगून ठेवायचे. हा पत्ता इंटरनेटवरचा. मग नवा माणूस रुजू झाला, कुणाची बढती झाली, कुणी घराचा पत्ता बदलला, की त्याच क्षणी त्या पत्त्यावर निरोप जाऊन पडतो. विचारायला कुणी यायचे नाही. घडले की कळवायचे. पूर्वी दारावर तार येई, तसेच हे. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिची रीत यंत्रांनी उचलली आहे.

ग्रीनहाउस या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराची निवड पक्की झाल्याची खूण केली, की असा निरोप सुटू शकतो. बॅम्बूएचआरमध्ये कर्मचाऱ्याच्या नोंदीतला ठरवून दिलेला रकाना बदलला, की तसाच निरोप सुटतो. त्यावर पुढची कामे रांगेने होतात : ई-मेलचे खाते उघडते, दाराचे कार्ड चालू होते, पगाराच्या यादीत नाव चढते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बसायला जागा आणि महिनाअखेर हातात पगार, या दोन गोष्टी ज्याने कधीकाळी उशिरा मिळवल्या आहेत, त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय कायद्याचीही घाई आहे. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. नोकरी सुटली वा सोडली, की देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे, असे तिच्यात म्हटले आहे. सहा टेबलांवरून कागद फिरवून हे व्हायचे नाही.

तेव्हा मी या यंत्रांच्या विरुद्ध नाही. उलट, त्यांच्या जुळणीतले नियम समजून घेताना मला जुन्या कचेरीतली शिस्तच पुन्हा भेटली. निरोप मिळाल्याची पोच द्यावी लागते. ती ठरलेल्या वेळेत आली नाही, तर निरोप पुन्हा पाठवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. पैशांचे व्यवहार पाहणारी स्ट्राइप ही कंपनी असे प्रयत्न तीन दिवसांपर्यंत करते. पण त्यामुळे एकच निरोप दोनदा पोचण्याचा संभव राहतो, आणि बोनसची नोंद दोनदा झाली तर घोटाळाच! म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि आधी येऊन गेलेला क्रमांक पुन्हा आला तर तो बाजूला ठेवायचा असतो. आमची आवक-जावक नोंदवही याहून वेगळे काय करत होती? निरोप खरोखर त्याच यंत्राकडून आला आहे, वाटेत कुणी फेरफार केलेला नाही, हे पटवण्यासाठी दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने त्यावर खूण उमटवतात. ती लाखेची मोहोरच म्हणायची.

एक गोष्ट मात्र जुन्या कचेरीत घडत नसे. निरोप ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचतील, याची हमी नसते. समजा, एकाने सकाळी राजीनामा दिला आणि साहेबांनी समजूत घातल्यावर दुपारी मागे घेतला. ‘मागे घेतला’ हा निरोप आधी आणि ‘दिला’ हा नंतर पोचला, तर यंत्राच्या लेखी माणूस गेला! यावर इलाज आहे : निरोप हा हुकूम मानायचा नाही, ती नुसती हाक समजायची, आणि मूळ नोंदीकडे जाऊन आत्ताची स्थिती काय आहे ते पाहून मगच हात हलवायचा. चांगले कारागीर तसेच करतात. घाईतले करत नाहीत.

घाईत काय होते, याचा दाखला अमेरिकेत घडला आहे. इब्राहिम दियालो हा लॉस एंजेलिसमधला प्रोग्रॅमर. तीन वर्षांच्या करारावर त्याला लागून आठ महिने झाले होते. कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, नोंदी नव्या यंत्रणेत हलवल्या जात होत्या, आणि त्या धांदलीत त्याच्या वरिष्ठाचीच नोकरी गेली. जाता जाता त्याने दियालोच्या कराराची नोंद नव्या यंत्रणेत पुढे चालू केली नाही. यंत्रणेने इतकाच अर्थ घेतला, की हा माणूस आता इथला नाही. मग कार्ड बंद, खाती बंद, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे हुकूम, आणि अखेर सुरक्षारक्षकांनी त्याला इमारतीबाहेर नेले. वरचे अधिकारी म्हणत होते, आम्ही तुला काढलेले नाही. पण चालू झालेली माळ थांबवायची कशी, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हते. परत घ्यायला तीन आठवडे लागले. तेवढा पगार बुडाला तो बुडालाच. सहकाऱ्यांच्या नजरा बदलल्या, आणि काही काळाने त्याने ती नोकरी सोडली. २०१८ मध्ये त्याने स्वतःच ही हकीकत जाहीर केली.

यात कोणतेही यंत्र बिघडलेले नव्हते, ही खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. प्रत्येकाने आपले काम चोख केले. ‘अहो, हा तर रोज येतो, याला का काढायचे?’ असे विचारणारे टेबल तेवढे त्या वाटेवर नव्हते. आमच्याकडे कागद थांबायचा, तो आळसाने थांबायचा हे खरेच आहे आणि त्याचे कौतुक मी करणार नाही. पण काही कागद विचारपूस करण्यासाठी थांबायचे. कुणी रजेवरून वेळेत परतला नाही, तर आमचे हेडक्लार्क त्याच्या गावचा दुसरा कामगार शोधून चौकशी करत. पुष्कळदा कळे, की घरात कुणाचे तरी दुखणे आहे. नाव कमी करण्याची नोटीस मग टंकित होत नसे.

हा केवळ भल्या माणसाचा मोठेपणा नव्हता. पुढे न्यायालयानेही हाच आग्रह धरला. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा खटला जुन्या कामगार पुढाऱ्यांना आठवत असेल. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरीवरचा हक्क आपोआप संपतो, असे कलम त्या कंपनीच्या स्थायी आदेशांत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले, की असे आपोआप चालणार नाही. माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल. त्या कामगाराला निम्म्या मागील वेतनासह परत कामावर घेण्याचा आदेश झाला. म्हणजे ‘आपोआप’ हा शब्द संगणकाने आणलेला नाही. तो आधी नियमपुस्तकात होता. वेबहूकने त्याला पाय दिले, आणि तेही फार वेगाने धावणारे! युरोपातही मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरच्या बाविसाव्या कलमाने, ज्याचे गंभीर परिणाम होतात असा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये, हा हक्क सामान्यतः माणसाला दिला आहे.

म्हणून ही यंत्रे जोडणाऱ्या तरुण मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. बातम्यांच्या दोन जाती करा. ज्यांनी माणसाला काही मिळते, म्हणजे नेमणूक, रजा, बढती, पगारवाढ, त्यांना मोकळी वाट द्या. ज्यांनी त्याच्याकडून काही काढून घेतले जाते, म्हणजे वेतनकपात, कार्ड बंद होणे, सेवासमाप्ती, त्यांच्या वाटेत एक टेबल ठेवा आणि त्या टेबलावर अधिकार असलेला, नावानिशी जबाबदार माणूस बसवा. गैरप्रकाराच्या संशयावरून कार्ड तातडीने बंद करावे लागते, हे मान्य. पण बंद कुणी केले, का केले, हे तिथेच लिहिलेले असावे. दिलेला हुकूम मागे घेण्याची वाटही तितकीच वेगवान ठेवा. ज्या वेगाने सहा यंत्रे एखाद्याला बाहेर काढतात, त्याच वेगाने सहाही यंत्रांनी त्याला आत घेतले पाहिजे. हे जमत नसेल, तर जोडणी अपुरी आहे असे समजावे.

यात खर्च फारसा नाही. प्रश्न असतो तो कुणाला या टेबलावर बसायचे आहे का, हा. ‘यंत्रणेने केले’ हे उत्तर आज फार सोपे झाले आहे, आणि ज्याला कटू निर्णय घ्यायचा आहे त्याला ते सोयीचेही आहे. निरोप्याला दोष देऊ नये, ही आपली जुनी रीत रास्तच आहे. पण निरोप्याच्या आड लपणाऱ्यालाही कुणी सोडू नये. मस्टरवरच्या नावावर रेघ मारणारा हात कुणाचा, हे त्या नावाच्या माणसाला विचारता आले पाहिजे, आणि त्याला उत्तर देणारे तोंडही माणसाचेच असले पाहिजे.