गोव्यातील खाणपट्टा आणि त्याची हद्द

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांच्या डोंगरांत लोहखनिज आहे. त्यातल्या एखाद्या डोंगरावर खाण चालवण्याचा हक्क कुणाला, हे ठरवताना त्या जमिनीचा जुना इतिहास काढावा लागतो. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या फर्मानाखाली इथे खाणींची ‘कन्सेशन’ दिली. त्यांना मुदत नव्हती; अटी पाळल्या की हक्क वारसांकडे जात राहिला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, १९६३ मध्ये देशाचा १९५७ चा खाणी व खनिजे कायदा तिथे लागू झाला, तरी ही कन्सेशन तशीच चालू राहिली. नव्या कायद्यात खाणपट्ट्याला मुदत होती, जुन्या हक्काला नव्हती. हा पेच जवळपास पंचवीस वर्षे सुटला नाही.

मे १९८७ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून सगळी कन्सेशन रद्द केली आणि त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले, तेही २० डिसेंबर १९६१ या मागच्या तारखेपासून. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली. पहिले नूतनीकरण वीस वर्षांचे, म्हणजे २२ नोव्हेंबर २००७ पर्यंतचे. त्यानंतरही खाणी चालू होत्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उत्खनन बेकायदा ठरवले. पुढे राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तेही रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. तारखांचा हा हिशेब रुक्ष वाटतो, पण हजारो ट्रकवाले, बार्जवाले आणि खाण कामगार यांची रोजीरोटी त्याच्यावरच टांगलेली होती.

मुदतीइतकीच हद्दही महत्त्वाची. खाणपट्टा म्हणजे नकाशावर आखलेला आणि जमिनीवर खांब रोवून दाखवलेला ठरावीक तुकडा. त्याच्या आत खनिज काढता येते, पण जमिनीचा धनी दुसरा असेल तर त्याला भरपाई द्यावी लागते. वनजमीन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची परवानगी वेगळी. गोव्याची अडचण अशी की, एक टन खनिज काढायला सुमारे अडीच ते तीन टन निरुपयोगी माती उपसावी लागते. लहान पट्ट्यांत ती मावत नसल्याने शेजारच्या जमिनीवर डंप उभे राहिले आणि पावसाळ्यात त्यातला गाळ शेतांत, नाल्यांत उतरू लागला. पट्ट्याबाहेर माती टाकता येणार नाही, असे न्यायालयाने २०१४ च्याच निकालात बजावले. शेतकऱ्यांची ही तक्रार फार जुनी होती, आणि रास्त होती.

खाणी व खनिजे कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर पट्टे मुख्यतः लिलावाने दिले जातात. नव्या पट्ट्याची मुदत ५० वर्षे असते, आणि लोहखनिजासाठी क्षेत्राची मर्यादा एका राज्यात सर्वसाधारणपणे १० चौरस किलोमीटर आहे. गोव्यात डिसेंबर २०२२ मध्ये पहिले ब्लॉक लिलावात गेले. जुने पट्टे एकत्र करून ते आखले गेले, त्यामुळे शिरगाव, मये यांसारख्या गावांतली घरे, देवळे, शेते आणि तळी ब्लॉकच्या रेषेत आली. ती वगळावीत, ही ग्रामस्थांची मागणी आहे. खनिज सरकारचे असले, तरी त्याच्यावरच्या जमिनीवर माणसे राहतात. म्हणून हद्दीची रेषा आखतानाच त्यांना विचारायला हवे, लिलाव उरकल्यावर नव्हे.