संगणकापुढची बैठक

संगणकावर काम करणाऱ्याची मान आणि पाठ दुखू लागली की दोष बसणाऱ्याच्या सवयीला दिला जातो. पुष्कळदा तो टेबलाचा असतो. लिहिण्यासाठी केलेले टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असते. त्यावर कीबोर्ड ठेवला की बेताच्या उंचीच्या माणसाचे खांदे आपोआप वर चढतात.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात संगणकावरचे हे काम मोठे आहे. २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेने कर्नाटकातील जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. आज भालकी, औराद किंवा आळंदच्या नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात, तशीच चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर, पहाणी (जमिनीचा उतारा) आणि दाखल्यांसाठी रांग असते. जुलैत तुरीच्या पीकविम्याची भर पडते. शेतकऱ्याचे आधार कार्ड आणि पासबुक टेबलावर आडवे पडलेले असते. ऑपरेटर चार आकडे वाचायला मान खाली आणि डावीकडे वळवतो, टाइप करायला वर करतो, पुन्हा खाली. डोक्याचे वजन सुमारे ५ किलो. ते जितके पुढे झुकते तितका मानेमागच्या स्नायूंवर ताण वाढतो. कागद चिमट्याने पॅडला लावून स्क्रीनशेजारी उभा केला तर निम्मे हेलपाटे वाचतात.

बैठकीची सुरुवात खुर्चीपासून करावी. कोपर कीबोर्डच्या पातळीला येईल इतकी उशी घ्यावी. मग पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी पुरते. काटकोनात ताठ बसण्याचा आग्रह मात्र नको: २००६ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या डॉक्टरांना एमआरआय तपासणीत मागे रेललेली, सुमारे १३५ अंशांची बैठक मणक्यांतील चकत्यांना अधिक मानवणारी दिसली. इतके रेलून टायपिंग होत नाही. १०० ते ११० अंश व्यवहारात जमतात.

स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास थोडी खाली. लॅपटॉप मात्र उंच करावा तर हात अवघडतात, खाली ठेवावा तर मान, म्हणून त्याला वेगळा कीबोर्ड जोडावा.

नीट बसूनही तासन्‌तास हलले नाही तर पाठ आखडतेच. प्रिंटर हाताशी न ठेवता दोन पावलांवर ठेवला, तर प्रत्येक पहाणीमागे उठणे होते. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटांतली पकड सैल झाली असेल, तर उशी-पाटावर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.